युमथांगच्या फुलांबद्दल तुमच्या २ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी आमच्या टूर मॅनेजरशी आणि तिकडच्या ड्रायव्हरशी नीट बोलून घ्यायचं होतं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. २५ ते ३१ मार्चची आमची सिक्कीम टूर, तुम्ही सांगलीहून घरचे ७ जण, सासू-सासरे, तुम्ही दोघं, दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आणि फेब्रुवारीत लग्न झालेले दीर-जाऊ. पोस्टरवर गुलाबी फुलांनी भरलेली दरी आणि प्रत्यक्षात उत्तर सिक्कीममधल्या युमथांगच्या दरीत नुसता बर्फ आणि काळपट झुडपं, तुमच्या सासऱ्यांना म्हणजे आबांना लाचुंगला, युमथांगच्या खालच्या मुक्कामाच्या गावी, रात्री श्वास लागला, नथुला खिंड बघणं झालंच नाही, आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की हे लोक म्हातारा बघत नाहीत पोरगं बघत नाहीत, सगळ्यांना एकच पॅकेज विकतात.

पोस्टरचं आधी बोलतो. ते पोस्टर मी परत उघडून बघितलं. वर फुलं, खाली बर्फाचे डोंगर आणि त्याच्याच खाली मोठ्या अक्षरात २५ मार्च. तो फोटो आमचाच आहे पण मे महिन्यातल्या ग्रुपचा. पोस्टर करताना चांगला दिसतो म्हणून लावला, कुणाला फसवायचं मनात नव्हतं, पण तुम्ही फोटो बघून पैसे भरलेत, त्यामुळे आमच्या मनात काय होतं याला काही अर्थ नाही. चूक आमची आहे. मनापासून माफी मागतो.

आणि ही माहिती आम्हाला नव्हती असंही नाही. तिकडं ऱ्होडोडेंड्रॉनला गुरांस म्हणतात, आणि हा गुरांस खालून वर फुलत जातो, जसजशी थंडी हटते तसा. बार्सेसारख्या खालच्या जंगलात एप्रिलमध्ये झाडं लाल झालेली असतात तेव्हा युमथांगला, म्हणजे साडेअकरा हजार फुटांच्या वर, अजून कळ्या मिटलेल्या असतात, तिथला बहर एप्रिलअखेर सुरू होतो आणि खरा मे महिन्यात. आपल्याकडं बघा ना, पुण्या-मुंबईची माणसं एप्रिलमध्ये गाडी घेऊन कासला येतात, फोटोत बघितलेली फुलं शोधतात आणि हाती काय लागतं तर तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत, कारण कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. साताऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही, मग तेच मी सिक्कीमच्या बाबतीत तुम्हाला बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.

आता आबांचं. हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. गंगटोक साधारण ५४०० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जेमतेम हजार फूट वर, तिथं आबा मजेत होते, एमजी मार्गावर बाकावर बसून चहा घेतानाचा त्यांचा फोटो आमच्या ग्रुपवर आहे. पण दुसऱ्या दिवशी पाच-सहा तास खडबडीत रस्त्यानं गाडीत आणि मुक्काम लाचुंगला नऊ हजारांच्या आसपास, त्यात बीपीची गोळी चालू असलेला ७२ वर्षांचा माणूस आणि खोली वरच्या मजल्यावर. आमच्या फॉर्ममध्ये नाव, वय आणि व्हेज-नॉनव्हेज एवढंच होतं, बीपी आहे का, दमा आहे का, गुडघे दुखतात का हे विचारलेलंच नाही. आबा-आजींसाठी गंगटोकलाच राहून नामचीचं चारधाम मंदिर, टेमीचा चहाचा मळा, वाटलं तर एखादा दिवस कालिम्पोंग असं करता आलं असतं आणि तुम्ही बाकीचे पाच जण वर जाऊन आला असता. दीर-जाऊंना त्या बर्फात मजा आली असं मॅनेजर म्हणाला, मला वाटतं मार्चमधलं युमथांग त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. आणि तुमच्या मुलाला तर सिक्कीमपेक्षा ताडोबा जास्त आवडलं असतं असं मला राहून राहून वाटतं, उन्हाळा लागला की जनावरं पाणवठ्यावर येतात, वाघ दिसायचे चान्स वाढतात, ऊन सोसायची तयारी पाहिजे एवढंच, पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला उन्हाचं काय.

नथुलाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटलं नाही आणि ते इथंच सांगतो. नथुला १४ हजार फुटांच्या वर, सीमेवर आहे, परमिट लागतं, सोमवार-मंगळवार बंद असतं आणि बर्फ पडला की रस्ता बंद करायचा निर्णय तिथल्या लोकांचा, आमचा नाही. तुमच्या दिवशी रात्रभर बर्फ पडला होता. हे असं होऊ शकतं हे तुम्हाला दिलेल्या कागदावर लिहिलेलं आहे, आणि परमिटचे पैसे परत दिलेत. गाडी बदलली म्हणून तुम्ही चिडलात, पण गंगटोकमध्ये फिरायला तिथलीच टॅक्सी घ्यावी लागते, यात ड्रायव्हरचा काही दोष नाही, तो चांगला माणूस आहे, रात्री आबांसाठी गरम पाणी तोच घेऊन आला.

"सगळ्यांना एकच पॅकेज" हे वाक्य मात्र लागलं, कारण ते बऱ्यापैकी खरं आहे. लोक विचारतात मार्च-एप्रिलमध्ये कुठं जावं आणि आम्ही गाडी भरायच्या नादात जी टूर निघणार असते तिचं नाव सांगतो. आता गेल्या आठवड्यापासून ऑफिसात आधी कोण कोण येणार हे विचारतो, मग तारीख, ठिकाण शेवटी. परवाच तासगावकडचं एक द्राक्ष बागायतदार कुटुंब आलं, त्यांनाही फुलंच बघायची होती, त्यांना म्हटलं बेदाणा शेडवरून उतरू दे, मे मध्ये जा, तेव्हा तुम्हीही मोकळे आणि युमथांगही फुललेलं. एक आजोबा नातवंडांना घेऊन एप्रिलमध्ये कोकण म्हणत होते, त्यांना सांगितलं की एप्रिलच्या घामानं पोरं किरकिर करतील, पुढच्या वर्षी शिमग्याला या, पालख्या नाचवताना बघतील ती पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत. त्यांनी बुकिंग केलं नाही. चालेल.

लाचुंग-युमथांगच्या दोन दिवसांचे आबा आणि आजींचे पूर्ण पैसे आम्ही परत करतोय, आणि फुलांच्या फोटोपायी तुम्ही सगळ्यांनी पैसे भरलेत म्हणून बाकी पाच जणांचे युमथांगच्या एका दिवसाचे. मिस्टरांच्या खात्यावर सोमवारी जमा होतील. त्यासाठी रिव्ह्यू काढा किंवा बदला असं मी म्हणणार नाही, तो तसाच राहू दे, नवीन लोकांना वाचू दे. पोस्टर काल काढलं, आता प्रत्येक फोटोखाली महिना लिहितोय.

आणि आजींची तपकिरी शाल लाचुंगच्या हॉटेलात राहिली होती ना, ती पुढच्या ग्रुपबरोबर साताऱ्याला आलीय. बुधवारी आमचा मुलगा सांगलीला येतोय, घरी आणून देईल.