बसलेली गाडी

आमच्या दारव्हा तालुक्यात माणूस गाडी घेतो तेव्हा आधी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो आणि मग स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर ठोकून गाडी उचलून घेतो. पहिलं देवासाठी, दुसरं पांदण रस्त्यासाठी. माझी मारुती एटहंड्रेड बारा इंची चाकांची, जन्मतः ठेंगणी. बफर घातल्यावर ती नाल्यातून जाताना धोतर वर धरलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुतण्या नागपूरहून आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "काका, गाडी लो करू. दोन इंच. स्टान्स येतो."

स्टान्स म्हणजे काय ते त्याला सांगता येईना. मोबाईलवर त्यानं जमिनीला पोट घासणाऱ्या गाड्या दाखवल्या. आमच्याकडे अशा अवस्थेत गाय दिसली तर डॉक्टर बोलावतात. पण पोराचं मन मोडवेना. शिवाय खर्च फक्त दोन हजार म्हणाला, आणि स्वस्त म्हटलं की माझ्यातला मास्तर विरघळतो. गावभर लोक हळद-लोणी लावून बैलांचे खांदे शेकत होते, आणि आम्ही गाडीचे खांदे कापायला निघालो.

मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि माझ्या खिशातला लाल पेन मागितला. वाटलं, हिशेब मांडतो. त्यानं पेन उघडला, आतली स्प्रिंग काढली, पकडीनं अर्धी तोडली आणि माझ्या हातात ठेवली. "दाबा गुरुजी."

दाबली. दुप्पट कडक लागत होती.

"वेढे कमी झाले का स्प्रिंग नरम नाई होत, टणक होते. वरून आखूड झाली म्हणजे गाडी जॅकवर घेतली का बैठकीतून सुटते. खड्ड्यात चाक लटकलं तरी सुटते. शॉकअप मूळच्या उंचीचा, त्याले काय माहीत तुम्ही खाली आले म्हणून? तो ठोकर खात राह्यतो, अन् मग एक दिवस तेल सोडते."

पुतण्या हटेना. गॅसनं तापवून स्प्रिंग बसवतात, असा व्हिडिओ त्यानं पाहिला होता.

मिस्त्री माझ्याकडे वळला. "गुरुजी, घरचा इळा चुलीत टाकून पाहा, मंग त्यानं कापते काय? पोलादाचं पाणी उतरलं का संपलं. स्प्रिंगचंई तेच."

(मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२, मूळ रचना न बदलण्याचं, मलाही आठवत होतं. पण पुतण्यासमोर कायदा काढला की मी काकाचा एकदम मास्तर होतो.)

मग सुरक्षित मार्ग काय? गाडीला शोभेल अशी आखूड स्प्रिंग, तिच्या जोडीचे शॉकअप, चारही चाकांना. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय पुढच्या शॉकअपचा नट खोलायचा नाही, नाहीतर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. नंतर अलाइनमेंट, नाही तर टायर आतून खरडतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावायचा, कारण मागची बाजू जास्त बसली तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. मिस्त्रीनं आकडा सांगितला. तेवढ्यात एक गोऱ्हा आला असता.

पुतण्याचं तोंड पडलेलं पाहून मिस्त्रीनं गाडी जॅकवर उचलली, खाली घोड्या लावल्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर तो बोटही आत घालत नाही) आणि बॅटरी मारून विचारलं, "हे बफर कोणं टोचले?"

"मी."

साबणाचं पाणी मारत त्यानं ते एकेक ओढून काढले. घोड्या काढल्या. गाडी हुश्श करून दोन बोटं खाली बसली. कापाकापी नाही, खर्च शून्य. पुतण्यानं सतरा फोटो काढले. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत. पेनही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला मारुतीच्या देवळात न्यायचं होतं. गाडीत आई, बायको, पुतण्या, मी आणि पुरणपोळ्यांचा डबा. आता शास्त्राप्रमाणे ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर असतो; ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद निघते. उंचीच्या बाबतीत आमचं गाव शास्त्राच्या पुढे आहे, रुंदीत बरंच मागे. शिवाय पावसाळ्यात काळी माती फुगते, म्हणजे ब्रेकर नसतो तिथेही असतो.

पहिल्या ब्रेकरला चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, असं खरडलं की पुतण्या न सांगता उतरला. दुसऱ्याला बायको उतरली, जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. तिसरा देवळासमोरचा. तिथे मीही उतरलो. गाडी न्यूट्रलला, खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरलेलं, मागून पुतण्याचा रेटा. पोराच्या नव्या पांढऱ्या बुटांत चिखल शिरत होता. आई तेवढी मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसून. "मी नाई उतरत. बंडीतून कधी उतरली नाई, यातून कायले उतरू?"

तोरणाकडून शेजारी आपली जोडी घेऊन येत होता. पाठीवर झूल, शिंगांना बेगड. तो थांबला, बैलही थांबले. तिघांनी आमच्याकडे शांतपणे पाहिलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "आज पोळा हाये, नाई त जोडी लावून देली असती."