इंग्रजी येण्याची वाट

मराठीत माणसाला इंग्रजी 'येते' किंवा 'येत नाही'. माझ्या सगळ्या दुर्दशेचे मूळ या क्रियापदातच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. झोप येते, ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो. या गोष्टी आपापल्या पायांनी चालत माझ्याकडे येतात आणि मी 'मला' हे चतुर्थीचे आसन टाकून स्वस्थ बसलेला असतो. इंग्रजीही अशीच एखाद्या दिवशी येईल, या भरवशावर मी वयाची ४५ वर्षे काढली. ती आली नाही. अखेर मी संध्याकाळच्या प्राथमिक संभाषण वर्गात नाव घातले, तेव्हा पहिल्याच तासाला कळले की त्या भाषेत बहुतेक गोष्टी आपणहून येतच नाहीत. तिथे भूक लागली तर 'मी भुकेला आहे' असे स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागते आणि इंग्रजी येत असेल तर 'मी इंग्रजी बोलतो' असे छातीठोकपणे सांगावे लागते. शिवाय हा 'मी' वाक्याच्या कितीही अडगळीत पडलेला असला तरी मोठ्या लिपीत लिहायचा, आणि समोरच्या माणसाचा 'यू' मात्र वाक्याच्या मध्ये आला की लहान लिपीत. जी भाषा 'मी'ला एवढा मान देते, ती बोलायची वेळ आली की माझा 'मी' एवढासा का होतो, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

वर्गातला पहिला महिना 'एस' या एका अक्षरात गेला. नामाला ते लावले की बहुधा अनेकवचन होते, हे शाळेपासून ठाऊक होते. परंतु तेच अक्षर क्रियापदाला लावले की कर्ता एकटा असल्याचे सिद्ध होते, हे पचायला जड गेले. मुलगे पुष्कळ असले तर 'बॉइज रन' आणि एकच असला तर 'बॉय रन्स'. मी मनाशी अशी सोय लावून घेतली की कर्ता आणि क्रियापद या दोघांत मिळून छत्री एकच आहे. ती एकाने घेतली की दुसऱ्याने भिजत जायचे. मॅडमना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी फळ्यावर छत्रीचे चित्र काढले. पुढच्याच मिनिटाला मी 'चिल्ड्रेन रन्स' असे म्हणालो, कारण माझ्या हिशेबाने 'चिल्ड्रेन'च्या हाती छत्री दिसत नव्हती आणि ती क्रियापदाला देणे हा साधा न्याय होता. मॅडमनी काही न बोलता छत्री पुसून टाकली.

त्यानंतर प्रश्नार्थक वाक्ये आली. मराठीत 'तो जातो' या वाक्याचा प्रश्न करायचा असेल, तर शेवटी 'का' जोडला की काम होते, आणि तेवढेही कष्ट नको असतील तर नुसता सूर चढवला तरी चालतो. इंग्रजीत त्यासाठी 'डू' नावाच्या एका त्रयस्थाला बोलावून आणावे लागते. तो येतो, कर्त्याच्याही पुढे जाऊन उभा राहतो आणि क्रियापदाच्या हातातली छत्री काढून घेतो. 'ही गोज'चे 'डज ही गो' होते. भूतकाळात तर हा अन्याय कळसाला पोहोचतो. 'गो'चे 'वेंट' होते हे आपण रात्र रात्र जागून पाठ करावे आणि प्रश्न विचारताना 'डिड ही गो' म्हणून पुन्हा मूळपदावर यावे! चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापद थेट कर्त्याच्या आधी ठेवूनही प्रश्न विचारता येत असे, हे समजल्यापासून मी चुकीच्या शतकात जन्मलो, अशी माझी खात्री झाली आहे.

स्पेलिंगबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्या दुःखावर आधीच पुरेसे अश्रू ढाळले गेले आहेत. २६ अक्षरांनी चाळीसहून अधिक ध्वनींचा संसार चालवायचा म्हटल्यावर ओढाताण ही होणारच. तरीही कर्जाला जो 'डेट' हा शब्द आहे, त्यातल्या 'बी'ची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढे विद्वानांनी मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून तो घुसवला आणि उच्चार मात्र पहिलाच राहिला. म्हणजे कर्ज या अर्थाच्या शब्दाने लॅटिनकडून एक अक्षर उसने घेतले आणि आजतागायत ते तोंडातून बाहेर काढलेले नाही.

खरा छळ मांडला तो 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन चिमुकल्या उपपदांनी. 'एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' ही गोष्ट ऐकताना दुसऱ्या वाक्यातला राजा तोच की दुसरा, अशी शंका एकाही मराठी मुलाला आलेली मी पाहिलेली नाही. इंग्रजीत मात्र ती येऊ नये म्हणून अनोळखी राजाला 'अ' आणि ओळख झाल्यावर त्यालाच 'द' लावतात. त्यात स्वराच्या आधी 'अ'चा 'ॲन' होतो, आणि तो स्वर लिहिलेल्या अक्षराचा नव्हे तर उच्चाराचा पाहायचा असतो. म्हणून 'एच'ने सुरू होणारा 'अवर' हा शब्द 'ॲन' मिळवतो आणि 'यू'ने सुरू होणारी 'युनिव्हर्सिटी' 'अ'वर समाधान मानते. या एका ठिकाणी मात्र मी वर्गाच्या पुढे निघून गेलो. शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहिला की उत्तर समोर येते: 'अवर'च्या आरंभी 'अ' हा स्वर आहे, 'युनिव्हर्सिटी'च्या आरंभी 'य' हे व्यंजन आहे, 'वन'च्या आरंभी 'व' आहे, 'एम. ए.'च्या आरंभी 'ए' आहे, आणि आता कोणालाही काही विचारायला नको. हा शोध मी वर्गात मांडला, तेव्हा मॅडमनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिले. तो आदर एक आठवडा टिकला. एका आजारी नातेवाइकाजवळ बसलो असल्याने वर्गाला येता येणार नाही, हे कळवताना मी 'आय ॲम इन हॉस्पिटल' असे लिहिले. ब्रिटिश रिवाजानुसार 'द' न लावता रुग्णालयात असतो तो रुग्ण, आणि 'द' लावून असतो तो नुसता त्या इमारतीत गेलेला, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो, तेव्हा दोघांनी उठून मला बसायला जागा दिली आणि मॅडमनी माझी उत्तरे त्या दिवशी तपासली नाहीत.

व्याकरणाचे पुस्तक निदान आपल्यासाठी थांबून राहते. संभाषण थांबत नाही. पाठ्यपुस्तकातल्या संवादात दोन सुस्वभावी माणसे एकमेकांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत वाट पाहतात. बाहेरच्या जगात अशी माणसे नाहीत. कोणी काही विचारले की मी प्रथम काळ ठरवतो, पुस्तकातल्या १२ काळांपैकी नऊ बाद करतो, उरलेल्या तिघांत घुटमळतो, मग छत्री कोणाकडे आहे ते पाहतो, 'द'ची गरज तपासतो आणि तोंड उघडतो, तेव्हा समोर तिसराच विषय चाललेला असतो. काळांच्या बाबतीत तर मराठीने मला पुरते बिघडवून ठेवलेले आहे. घरातून पाऊलही बाहेर टाकलेले नसताना आपण फोनवर 'आलोच' म्हणून भूतकाळ मोकळा करतो आणि ऐकणाराही तो भविष्यकाळ म्हणून समजून घेतो. याच सवयीने मी एकदा एका सहकाऱ्याला फोनवर 'आय केम' असे सांगितले. तो बिचारा खुर्चीवरून उठून दारापर्यंत मला शोधून आला.

'वी' या सर्वनामाने मला आणखी वेगळा त्रास दिला. मराठीत 'आम्ही जातो' म्हटले की तुम्ही इथेच बसा, आणि 'आपण जाऊ' म्हटले की उठा, हे स्पष्ट असते. इंग्रजीत सहकारी 'वी आर गोइंग आउट' म्हणाले, तेव्हा त्या 'वी'मध्ये मी आहे की नाही, हे न कळल्याने मी खुर्चीवरून निम्मा उठून तसाच राहिलो. शेवटी पाठ मोकळी करत असल्याचे दाखवून मी पुन्हा बसलो.

तथापि सर्वांत लाजिरवाणा प्रसंग 'डू यू माइंड'चा होय. एका प्रतीक्षालयात एका गृहस्थांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून तिथे बसले तर माझी काही हरकत आहे का, असे इंग्रजीत विचारले. मला 'सिट' एवढा शब्द कळला आणि मी पूर्ण औदार्याने 'येस, येस' असे म्हणालो, म्हणजेच हरकत आहे, चांगली दोनदा आहे. वर हाताने खुर्ची दाखवून त्यांना बसण्याचा आग्रहही केला. ते निम्मे खाली वाकलेले गृहस्थ माझ्या शब्दांवर विश्वास ठेवावा की हातावर, या विचारात काही क्षण त्याच अवस्थेत राहिले आणि मग सरळ होऊन भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. चूक माझ्या ध्यानात आली, तेव्हा ती दुरुस्त करायला लागणाऱ्या वाक्यात दोन नकार येत होते आणि इथे नुसत्या होकारानेच ही अवस्था झाली होती.

अशा मनःस्थितीत मला लिफ्टमध्ये तो परदेशी माणूस भेटला. तो माझ्याकडे पाहून हसला आणि 'हाऊ आर यू' म्हणाला. हे मला येत होते. 'फाइन, थँक यू, अँड यू?' असे मी एका दमात म्हणालो. 'फाइन, थँक यू, अँड यू?' असे तोही म्हणाला. प्रश्न विचारला गेला की उत्तर द्यायचे, हा पुस्तकाचा दंडक असल्याने मी पुन्हा ठीक असल्याचे सांगून त्याची चौकशी केली आणि त्यानेही ती तितक्याच निष्ठेने परत केली. तिसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही दोघेही अनेकदा ठीक असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा मला उमगले की हासुद्धा कुठल्यातरी संध्याकाळच्या वर्गाचा विद्यार्थी आहे आणि आम्हां दोघांचे पुस्तक बहुधा एकच आहे.

त्या दिवसापासून आमचे संभाषण सुरू झाले आणि ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे इंग्रजी आहे. त्याच्या मातृभाषेत उपपदे नसावीत, कारण तो एकही 'द' वापरत नाही. मी चूक होऊ नये म्हणून सगळीकडे 'द' पेरतो. त्यामुळे दोघांचा मिळून हिशेब साधारण बरोबर येतो. वाक्य जुळवायला तो माझ्याइतकाच वेळ घेतो, म्हणून आम्ही एकमेकांना मजल्यांच्या हिशेबाने सवलत देतो: साधा वर्तमानकाळ दोन मजले, पूर्ण भूतकाळ थेट गच्चीपर्यंत. परवा आमचा कडाक्याचा वाद झाला. बसमध्ये असताना 'ऑन द बस' म्हणतात, मोटारीत असताना 'इन द कार' म्हणतात, तर मग आपण या क्षणी 'इन' आहोत की 'ऑन', हा मुद्दा होता. मी 'इन'च्या बाजूने होतो आणि माझे बरोबरही होते, परंतु ते इंग्रजीत पटवून देण्याआधी माझा मजला आला. वाद असा अर्धवट टाकून जाणे मनाला बरे वाटेना. निदान निरोप तरी नीट घ्यावा, म्हणून मी बाहेर पाऊल टाकता टाकता मागे वळून, मराठी माणूस निघताना जे म्हणतो तेच, म्हणजे 'येतो', इंग्रजीत 'आय कम' असे म्हणालो.

कुलूप उघडून मी आत शिरत होतो, तेव्हा मागे पाहिले. तो एका पायाने लिफ्टचे दार अडवून, मी येण्याची वाट पाहत उभा होता.