साठीच्या बाईचा एफएसएच ‘नॉर्मल’ आला तर सावध व्हा

पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचा एफएसएच (बीजांडकोशाला कामाला लावणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) ७० आला, शेजारी लाल बाण दिसला, की घरात घबराट होते. बाण दिसतो, कारण लॅबने पाळी चालू असलेल्या बाईची रेंज छापलेली असते. या वयात ७० म्हणजे पिट्युटरी, मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी, ठणठणीत. काळजी करायची ती ५ आला तर, आणि त्याच आकड्यापुढे बाण नसतो.

एफएसएच आणि त्याचं जोडीदार हॉर्मोन एलएच बनवणाऱ्या पिट्युटरीतल्या पेशींना बीजांडकोशातल्या दोन हॉर्मोन्सचा लगाम असतो: इस्ट्रोजेन आणि इनहिबिन. बीजं संपली की दोन्ही सुटतात आणि एफएसएच दहा-पंधरा पट चढतो. पुढे उतारवयात थोडा घसरतो, पण पाळीच्या दिवसांतल्या पातळीवर परत येत नाही. पुरुषांत अशी उडी नाही. टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण १ टक्क्याने घटतं, एलएच सावकाश वर सरकतो. म्हणून पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, तेही दोनदा तपासायचं. दोन्हीदा कमी येऊनही एलएच जागचा हलला नसेल, तर आधी प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच, दूध आणणारं हॉर्मोन) बघा. थेट टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करू नका.

बाईचा एफएसएच खाली असेल तर आधी तीन गोष्टी विचारा. हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? नुकतंच मोठं आजारपण झालं का? केसांसाठी बायोटिन घेते का? बायोटिनमुळे काही मशीनवर एफएसएच आणि टीएसएच (थायरॉइडला चालवणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) खोटेच कमी दिसतात. निदान दोन-तीन दिवस ते बंद ठेवून पुन्हा रक्त द्या.

यातलं काही नसेल तर बाळंतपणाबद्दल विचारा. खूप रक्त गेलं होतं का, अंगावर दूध आलं होतं का, पाळी परत सुरू झाली का? शीहान सिंड्रोम, म्हणजे बाळंतपणात खूप रक्त गेल्याने पिट्युटरी निकामी होणं, आपल्याकडे अजून सापडतो, आणि बाई पंधरा-वीस वर्षं नुसती ‘अशक्त’ म्हणून फिरत राहते. तिचा टीएसएचही फसवतो, नॉर्मल येतो. फ्री टी-४ (खुद्द थायरॉइडचं हॉर्मोन) केल्याशिवाय कळत नाही.

फ्री टी-४ कमी आला म्हणून लगेच थायरॉइडची गोळी देऊ नका. सकाळी आठचं कॉर्टिसॉल (पिट्युटरीच्या हुकमावर अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणारं हॉर्मोन) आधी बघा. तेही कमी असेल तर पहिल्यांदा हायड्रोकॉर्टिसोन (औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल), थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइडची गोळी त्यानंतर. क्रम उलटला तर अंगात उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्यानं संपतं, बीपी कोसळतं आणि जीवावर बेततं.

सॅम्पल घेताना वय आणि शेवटची पाळी कधी आली ते फॉर्मवर लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. लॅबने विचारलं नाही, तरी तुम्ही लिहायला लावा.