उशीर झाला म्हणून जगला

एखादा भयंकर गुन्हा घडला की आपल्याकडे एकच मागणी होते: फास्ट ट्रॅक कोर्टात चालवा, सहा महिन्यांत फासावर लटकवा. मीही मेणबत्ती हातात धरून हेच ओरडत चालले आहे. टीव्हीवर त्या मुलीच्या आईचा चेहरा बघून दुसरं काही सुचतच नव्हतं. आता मात्र माझ्या तोंडून ते निघत नाही. कारण जपानचे इवाओ हाकामादा.

आधी बॉक्सर, मग मिसोच्या कारखान्यात कामगार. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. १९६६ मध्ये तिथल्या एका संचालकाचं चौघांचं कुटुंब मारलं गेलं आणि हाकामादांना पकडलं. रोज तासन् तास चौकशी करून कबुली घेतली, ती त्यांनी कोर्टात नाकारली. खटला चालू असताना, घटनेला वर्ष उलटून गेल्यावर, मिसोच्या टाकीत रक्ताचे कपडे सापडले. डाग लालसर! घरी लोणचं घालणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षभर खारात मुरलेलं काही लाल राहतं का? तरी १९६८ मध्ये फाशी सुनावली. पुढे अपिलात घालून पाहिली, तर त्या कपड्यांतली पँट त्यांना बसतही नव्हती.

तीन न्यायाधीशांपैकी नोरिमिची कुमामोतो यांना ते निर्दोष वाटत होते. दोघांपुढे त्यांचं चाललं नाही, आणि निकालपत्र लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं. पुढे त्यांनी न्यायाधीशपद सोडलं.

जपानमध्ये फाशीचा दिवस कैद्याला आधी सांगत नाहीत. त्याच सकाळी कळतं. घरच्यांना तर सगळं उरकल्यावर. १९८० मध्ये शिक्षा कायम झाली, म्हणजे त्यानंतरची प्रत्येक सकाळ तीच असू शकत होती. २०१४ मध्ये बाहेर आले तेव्हा मन ठिकाणावर राहिलं नव्हतं. २६ सप्टेंबर २०२४ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, कोर्टाने निर्दोष ठरवलं. ते कपडे तपास करणाऱ्यांनीच रचलेला पुरावा होता, असंही म्हटलं. हा निकाल ऐकायला ते स्वतः येऊ शकले नाहीत. ९१ वर्षांच्या बहिणीने, हिदेकोने, तो ऐकला.

फाशी रेंगाळली म्हणून माणूस जगला.

जपानचंच कशाला? नाशिकच्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये फाशीच ठरवली. त्याच कोर्टाने ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून ओळखलेले चौघे या सहांपैकी नव्हतेच! भरपाई प्रत्येकी पाच लाख.

पुढच्या मोर्चाला मी येणार. तपास नीट करा, खरा गुन्हेगार पकडा, हे घसा फुटेपर्यंत ओरडणार. फक्त फाशीचा फलक माझ्या हातात देऊ नका.