‘हरकती घेऊन काय उपयोग?’: किनारा आराखड्याबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

किनारपट्टीच्या गावांतल्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: ‘किनारा व्यवस्थापन आराखडा वर ठरलेलाच असतो. सुनावणी म्हणजे देखावा. नकाशे आपल्याला कळत नाहीत. ग्रामसभेत विरोधाचा ठराव करा, पाचशे सह्या जोडा, बाकी कोर्टात बघू.’ हा आराखडा म्हणजे किनाऱ्यालगतच्या कुठल्या जमिनीला सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) निर्बंध लागतात हे दाखवणारे नकाशे. या सल्ल्याने गावाचं नुकसान होतं, म्हणून हे उत्तर.

‘सुनावणी म्हणजे देखावा.’ सीआरझेडच्या २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांनुसार आराखड्याच्या मसुद्याला व्यापक प्रसिद्धी देणं, हरकती-सूचना घेणं आणि जिल्हा पातळीवर सुनावणी ठेवणं बंधनकारक आहे. तक्रारीत तथ्य आहे ते अंतराचं. जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या वेळासच्या माणसाला रत्नागिरी गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते. पण लेखी हरकतही ग्राह्य धरली जाते, त्यासाठी जावं लागत नाही.

‘नकाशे आपल्याला कळत नाहीत.’ खरं तर गावाइतके ते कुणालाच कळत नाहीत. आराखड्याचा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवरचे २५ मीटर. १५ मीटर रुंदीची मासळी सुकवायची जागा तिथे रेघेखाली गडप होते. गावपातळीचा नकाशा १:३,९६० प्रमाणाचा असतो. त्यावर तीच जागा जवळजवळ ४ मिलिमीटर भरते. मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर दाखवाव्यात, असं अधिसूचनेतच म्हटलं आहे. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या कुठल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ओढतात हे उपग्रहाला दिसत नाही, ते गावानेच सांगायचं.

खारभूमीचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीचा, मुद्दा तर याहून महत्त्वाचा. बांध किंवा उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल, तर भरतीरेषा (भरतीचं पाणी जिथवर पोचतं ती रेषा) तिथेच थांबते, असं २०१९ची अधिसूचना सांगते. मसुद्यात रेषा बांध ओलांडून भातखाचरांत शिरली असेल, तर बांधाचं वय सिद्ध करा: खारभूमी विभागाची नोंद किंवा बांध दाखवणारा तारखेचा जुना गावनकाशा. मात्र खारं पाणी आत येऊन बांधामागे कांदळवन उगवलं असेल, तर तेवढा भाग सीआरझेड-१ए या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गातच जातो. ते झाकून ठेवलेली हरकत टिकत नाही, आणि टिकूही नये.

भरतीरेषेवरच्या हरकतींत फोटोंची चूक हमखास होते. भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांतला फोटो निरुपयोगी, कारण रेषा उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, पाण्यावर ठरते. पावसाळी वादळातला फोटोही चालत नाही, कारण ती लाटांची उसळी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शांत हवेत, भरती पूर्ण असताना फोटो काढा आणि त्यावर तारीख, वेळ, गट नंबर लिहा.

‘ठराव करा, सह्या जोडा.’ ठराव जरूर करा, पण ‘गावाचा विरोध आहे’ एवढ्या ओळीवर नकाशातली एकही रेघ हलवता येत नाही. एकाच मजकुराच्या पाचशे प्रतींना उत्तर एकच मिळतं. त्यापेक्षा एका चुकीला एक कागद: गट नंबर, मसुद्यात काय दाखवलंय, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा काय, दुरुस्ती कोणती हवी. सोबत गावनकाशाची प्रत, त्यावर लाल पेनाने खूण. ठरावात या कागदांची यादी आली की त्याला वजन येतं.

‘बाकी कोर्टात बघू.’ तिथे विचारलं जातं की मुदतीत हरकत दिली होती का. तेव्हा हातात आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हवी. मुदत नोटिशीत छापलेली असते. तिचा फोटो ग्रुपवर टाका, आणि हरकतीच्या दोन प्रती न्या, एक तिथे द्यायला, एक शिक्का मारून परत आणायला.