फुप्फुसातली बुरशी आणि ‘ऑपरेशनचा धंदा’

‘फुप्फुसात बुरशी झाली तर ऑपरेशन कधीच करू नका, तो धंदा आहे. औषधानं बुरशी विरघळते. चिरलं तर अंगभर पसरते. फुप्फुस कापलं की माणूस कायमचा खाटेला. थुंकीतून रक्त पडलं तर टीबीच्या गोळ्या परत सुरू करा.’ असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय.

औषधानं विरघळते? काही बुरशी नुसत्या औषधानं जातात, हे खरं. पण औषध पोचतं रक्तातून. २०२१ मध्ये कोविडनंतर मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत माजलेला म्युकर, म्हणजे ‘काळी बुरशी’, नेमका रक्तवाहिन्यांत घुसतो, त्या बुजवतो आणि पुढचा भाग मरतो. तिथं अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन पोचणार कसं? म्हणून संसर्ग एखाद्या भागापुरता असेल आणि रुग्णाला झेपणार असेल, तर तो भाग काढतात, इंजेक्शनं चालू ठेवूनच. दोन्हीकडं पसरला असेल तर सर्जन सहसा हात लावत नाहीत. धंदाच करायचा असता तर लावला असता.

टीबी बरा झाल्यावर कधी कधी फुप्फुसात पोकळी उरते, तिच्यात अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा गोळा वाढू शकतो. या गोळ्याला रक्तपुरवठाच नसतो. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी अनेकदा भागतं. पण पोकळीच्या भिंतीतल्या फुगलेल्या वाहिन्या फुटल्या तर रक्त श्वासनलिकेत भरून माणूस गुदमरून जाऊ शकतो. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून फुटलेली वाहिनी बंद करता येते, मात्र रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो. कायमचा उपाय शक्य असेल तिथं शस्त्रक्रियाच.

‘पसरते’ यात रतीभर तथ्य आहे. पोकळी फुटून बुरशी छातीत सांडू नये, म्हणून ती न उघडता फुप्फुसाचा तो अख्खा खंड काढायचा प्रयत्न असतो. म्युकर मात्र न काढताच पसरतो.

खाटेला? उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. बहुतेकदा एखादाच खंड जातो, तोही आधी श्वासाची क्षमता मोजून.

सगळ्यात घातक शेवटची ओळ. थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, तर त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधांची रक्तातली पातळी पार खाली आणतं. म्हणजे औषधानं विरघळते म्हणणारेच औषध निकामी करायला सांगताहेत.