चुकूनही असं करू नका

दारूबंदीच्या काळातल्या अमेरिकेत सभ्य गृहस्थ म्हणून राहायचं असेल, तर आधी दुकानातून द्राक्षांची वीट आणा. हो, वीटच. रस आटवून, दाबून घट्ट केलेला ठोकळा. गॅलनभर पाण्यात विरघळवला की झालं सरबत; पोराबाळांनी प्यावं, आजीनं प्यावं. सोबतची सूचना मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. हे पाणी बरणीत भरून वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल. किती काळजी हो त्या विकणाऱ्यांना! कशात भरायचं नाही, कुठे ठेवायचं नाही, किती दिवस ठेवायचं नाही, सगळं सांगून टाकलंय. न जाणो, तुमच्या हातून चूक व्हायची.

ही वीट म्हणजे त्या दशकाची गुरुकिल्ली. काम तेच ठेवायचं, नाव तेवढं बदलायचं.

१७ जानेवारी १९२० पासून दारूबंदी लागू झाली. पण कायदा नीट वाचा. तो दारू गाळू देत नाही, विकू देत नाही, वाहून नेऊ देत नाही. पिण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्या तारखेआधी तळघर भरून ठेवलं असेल तर तुम्ही गुन्हेगार नव्हे, दूरदृष्टीचे संसारी गृहस्थ. ज्यांच्याकडे तळघर नाही त्यांनी आजारी पडावं. डॉक्टर सरकारी छापील कागदावर रीतसर व्हिस्की लिहून देतात, दहा दिवसांना एक पाइंट. साधा खोकला पुरतो. नवव्या दिवशी बरं वाटायला लागलं तर घाबरू नका, अकराव्या दिवशी तो परत येतो.

एवढं करूनही मन खात असेल तर लोकप्रतिनिधींकडे बघा. जॉर्ज कॅसिडी नावाचा इसम थेट संसदेच्या इमारतींत फिरून खासदारांना बाटल्या पोचवायचा. १९२५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या इमारतीत तो पकडला गेला, तेव्हा डोक्यावर हिरवी हॅट होती. त्या इमारतीत त्याला मज्जाव झाला. मग त्यानं आपलं बस्तान सिनेटच्या इमारतीत हलवलं. वरिष्ठ सभागृह ते वरिष्ठच.

घरात वयात आलेली मुलगी असेल तर केसांचा विषय काढू नका. १९२० मध्ये बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला, तो तुम्ही कसाबसा गिळलात. आता ती केस कापायला निघाली आहे. बायकांच्या पार्लरमध्ये बॉब करून देत नाहीत म्हणून ती पुरुषांच्या न्हाव्याकडे रांगेत बसते, तुमच्या शेजारीच. तुम्ही दाढी करून घ्या आणि ओळख देऊ नका. तिच्या पोहण्याच्या पोशाखाची चिंता सरकारवर सोपवा. १९२२ मध्ये वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर पोलीस टेप घेऊन गुडघ्यापाशी वाकलेला असे. पोशाख गुडघ्याच्या वर सहा इंचांहून जास्त नको. संस्कृतिरक्षण इतक्या जवळून करायचं आणि वर पगारही मिळायचा.

संस्कृती मोठ्या प्रमाणावर वाचवायची असेल तर मात्र हेन्री फोर्डसाहेबांचा कित्ता गिरवा. काळ्या वादकांनी घडवलेल्या जॅझ संगीताचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांच्या साप्ताहिकात १९२१ साली जॅझचं खापर ज्यूंच्या डोक्यावर फोडून झालं. पुढे डिअरबॉर्नला त्यांनी म्हाताऱ्या फिडलवाल्यांना बोलावून जुन्या वळणाचे नाच सुरू केले, शिकवायला नृत्यशिक्षकही ठेवला. आणि दिवसा काय केलं? मोटारी काढल्या. १९२५ पर्यंत मॉडेल टीची किंमत २६० डॉलरपर्यंत उतरवली. आता गावोगावची पोरं त्याच गाडीत बसून, आईबापांची नजर चुकवून, दहा मैलांवरच्या नाचघरात जॅझवर नाचतात. साहेब फिडल ऐकतात.

तुम्हाला जॅझ आवडतं, पण लाज वाटते? मग बँडवाले व्हाइटमन यांच्याकडे जा. आडनावच 'गोरा माणूस', त्यामुळे धोका नाही. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमननी कार्यक्रम केला, नाव ठेवलं 'आधुनिक संगीतातला एक प्रयोग'. व्हायोलिनं होती. लोक त्यांना जॅझचा राजा म्हणत. जॅझचा खरा उस्ताद, काळा लुई आर्मस्ट्राँग, तेव्हा शिकागोत दुसऱ्याच्या बँडमध्ये कॉर्नेट नावाची तुतारी वाजवत होता. राजेपदाबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

अस्सल माल हवाच असेल तर हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, कॉटन क्लबला जा. मालक टोळीवाला. रंगमंचावर दक्षिणेतल्या मळ्यावरच्या हवेलीचा देखावा, पांढऱ्या खांबांसकट. १९२७ च्या डिसेंबरपासून तिथे ड्यूक एलिंग्टनचा बँड. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, वाढणारे काळे, आणि टेबलाशी बसलेले सगळे गोरे. चार घराआडचा काळा शेजारी तिकिटाला पैसे घेऊन आला तर दारातून परत. त्याच्याच मोहल्ल्यात जाऊन तुम्ही 'खरं हार्लेम' बघून आलात, हे सोमवारी ऑफिसात जरूर सांगा.

उधारीला उधारी म्हणायचं नाही, 'सोपे हप्ते' म्हणायचं, एवढं सांगून पुढे जातो. शेअर दहा टक्के पैशांत आणि बाकी दलालाच्या कर्जावर मिळतात. १९२९ च्या ऑक्टोबरात बाजार कोसळेपर्यंत अजिबात काळजी करू नका.

अरे हो, एक राहिलंच. हे सगळं तुम्ही गोरे आहात असं धरून लिहिलं. बाहेरून आलेल्याला कायद्यानं नागरिकत्व मिळायला 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावं लागे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, वंशशास्त्रातल्या त्या नावाच्या वंशाचा, तू तो नाहीस. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद उभे राहिले, अमेरिकी लष्करात नोकरी केलेले पंजाबी शीख. म्हणाले, तुमच्या शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन. न्यायालय म्हणालं, शास्त्राचं राहू द्या, गोरा म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिलेले. त्यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडचा.

तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज चुकूनही करू नका. ही सूचना मात्र लिहिली आहे तशीच वाचा.